सर्च अ‍ॅडचा सीटीआर दीड टक्क्यावर अडकलाय, मजकूर बदलू की बिड वाढवू?

नवी_जबाबदारी

नमस्कार मंडळी,

बिघडलेल्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, सर्व्हर यांच्यातून डेटा काढून देणाऱ्या एका लॅबचं गूगल अ‍ॅड्सचं खातं नुकतंच माझ्याकडे आलंय. आधी मी सोशल मीडियाच्या जाहिराती बघायचे, त्यामुळे सर्चमध्ये अजून हात बसलेला नाही. खात्यात एकच सर्च कॅम्पेन आहे, त्यात एकच अ‍ॅड ग्रुप, आणि त्या ग्रुपात साठेक कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी ते), बहुतेक सगळे ब्रॉड मॅचवर (मिळत्याजुळत्या शोधांनाही चालणारे). महिन्याला साधारण ४०,००० इम्प्रेशन (जाहिरात दिसण्याच्या वेळा) आणि ६०० क्लिक येतात. म्हणजे सीटीआर (इम्प्रेशनमागे क्लिकचं प्रमाण) १.५ टक्के. वरिष्ठांना तो ५ टक्क्यांवर हवा आहे.

सध्याच्या हेडलाइन अशा आहेत: ‘विश्वासार्ह डेटा रिकव्हरी सेवा’, ‘अनुभवी तज्ज्ञांची टीम’, ‘आजच संपर्क साधा’. यात मी आणखी बऱ्याच हेडलाइन घातल्या, अ‍ॅड स्ट्रेंथ ‘अ‍ॅव्हरेज’वरून ‘एक्सलंट’वर गेली, पण सीटीआर जागचा हलला नाही. आता बिड (क्लिकमागची बोली) वाढवायची का? की कीवर्ड इन्सर्शन (हेडलाइनमध्ये कीवर्ड आपोआप घालणं) लावून बघू? कुणी असं खातं हाताळलं असेल तर कृपया नीट सांगा, वरवरच्या टिपा खूप वाचून झाल्या.

शोधपेटी

बिड आणि मजकूर, दोन्हीला आत्ता हात लावू नका.

सीटीआर हा भागाकार आहे. वर क्लिक, खाली इम्प्रेशन. सगळेजण वरचा आकडा वाढवायच्या मागे लागतात आणि खालचा आकडा कुठून आला हे उघडून बघत नाहीत. साठ कीवर्ड एका ग्रुपात आणि तेही ब्रॉड मॅचवर, म्हणजे तुमची जाहिरात नेमकी कुणाकुणासमोर जाते आहे हे तुम्हालाही माहीत नाही. ज्याला तुमची गरजच नाही अशा माणसापुढे कितीही उत्तम ओळ ठेवली तरी तो क्लिक करणार नाही, आणि त्यानं करूही नये, कारण त्या क्लिकचे पैसे तुम्ही भरणार आहात.

तेव्हा आधी दोन गोष्टी बघा. पहिली, कॅम्पेनच्या तक्त्यात सेगमेंटमध्ये जाऊन ‘नेटवर्क, सर्च पार्टनर्ससह’ निवडा. नवं सर्च कॅम्पेन बनवताना सर्च पार्टनर्स (गूगलच्या सर्च जाहिराती दाखवणाऱ्या इतर साइट) आणि डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइटवरच्या जाहिराती) या दोन्ही खुणा आधीपासून चालू असतात, आणि घाईत बनवलेल्या कॅम्पेनमध्ये त्या तशाच राहतात. पार्टनर साइटवरचा सीटीआर बहुतेक वेळा फार कमी असतो आणि एकूण आकडा खाली ओढतो. एक दिलासा असा की पार्टनर साइटवरच्या कमी सीटीआरमुळे गूगल सर्चवरचा तुमचा क्वालिटी स्कोअर (जाहिरातीच्या दर्जाचा गूगलचा अंदाज) बिघडत नाही. म्हणजे जखम खोटी असू शकते, आणि तुम्ही तिच्यावर मलमपट्टी करत बसाल.

दुसरी, लॅबच्या नावानं शोधणारे लोक वेगळे काढा. नाव टाइप करून आलेला माणूस तुमच्याचकडे निघालेला असतो. त्याचा सीटीआर प्रचंड असतो आणि बाकीच्यांचं खरं चित्र झाकतो.

बिडबद्दल विचारलंय म्हणून सांगते. बिड वाढवली की जाहिरात वरच्या जागी जाईल, वरच्या जागी क्लिक जास्त पडतात, आकडा वाढलेला दिसेल. पण क्वालिटी स्कोअरमध्ये जो ‘एक्स्पेक्टेड सीटीआर’ असतो तो जागेचा परिणाम बाजूला काढून मोजलेला असतो. म्हणून बिडनं आणलेली वाढ तिथे उमटत नाही. तुमचे पैसे जास्त जातील आणि जाहिरात होती तेवढीच चांगली किंवा वाईट राहील. पूर्वी सरासरी पोझिशनचा कॉलम होता, तो सप्टेंबर २०१९मध्ये काढला. आता टॉप आणि अ‍ॅब्सोल्यूट टॉप इम्प्रेशनची टक्केवारी बघावी लागते, म्हणजे किती वेळा जाहिरात वरच्या आणि अगदी पहिल्या जागी दिसली. हे दोन कॉलम आजच चालू करून ठेवा, पुढे लागतील.

आणि अ‍ॅड स्ट्रेंथ हा फक्त मजकुराच्या वैविध्याचा अंदाज आहे. जाहिरातींची जागा ठरवणाऱ्या लिलावात तो धरत नाहीत. ‘एक्सलंट’ लिहून आलं म्हणून जाहिरात चांगली झाली असं नाही.

पंधरा_हेडलाइन

शोधपेटीताईंचं बहुतेक पटतं, पण अ‍ॅड स्ट्रेंथ अगदीच मोडीत काढू नये असं मला वाटतं. रिस्पॉन्सिव्ह (ओळी आपोआप जुळवून दाखवणाऱ्या) जाहिरातीत १५ हेडलाइन आणि ४ डिस्क्रिप्शन देता येतात, एका वेळी दिसतात जास्तीत जास्त ३ आणि २. वेगवेगळा माल दिला तरच सिस्टिमला जुळवून बघायला काही मिळेल. पिन करून, म्हणजे ओळीची जागा पक्की करून, सगळं बांधून टाकलं तर रिस्पॉन्सिव्हचा उपयोग काय? शिवाय साइटलिंक (जाहिरातीखालचे पानांचे दुवे), कॉलआउट, स्ट्रक्चर्ड स्निपेट (जास्तीचे छोटे मजकूर) हे सगळं भरलंय का ते सांगा. त्यांच्यामुळे जाहिरात पानावर जास्त जागा घेते आणि अ‍ॅड रँक (जाहिरातीची जागा ठरवणारा हिशेब) काढताना त्यांचा अपेक्षित परिणामही धरला जातो. माझ्याकडच्या खात्यांत मजकुराला हात न लावता नुसत्या साइटलिंकनं फरक पडलेला मी पाहिला आहे.

नवी_जबाबदारी

दोघांचे आभार. सेगमेंट लावून बघितलं आणि थक्क झाले.

गूगल सर्च: १६,००० इम्प्रेशन, ५२० क्लिक, म्हणजे ३.२५ टक्के.
सर्च पार्टनर्स: २४,००० इम्प्रेशन, ८० क्लिक, म्हणजे ०.३३ टक्के.

डिस्प्ले बंदच होतं. गूगल सर्चच्या १६,०००मधले ८०० इम्प्रेशन लॅबच्या नावाचे आहेत आणि त्यांवर २४० क्लिक आहेत, सरळ ३० टक्के. ते वजा केले तर १५,२०० इम्प्रेशनवर २८० क्लिक उरतात. म्हणजे १.८ टक्के. फिरून तिथेच आले की हो! पार्टनर्स बंद करू का? आणि वरिष्ठांना आता कुठला आकडा दाखवू?

साइटलिंक दोनच आहेत, ‘आमच्याविषयी’ आणि ‘संपर्क’.

शोधपेटी

फिरून तिथे आला नाहीत. १.५ हा आकडा कुणाचाच नव्हता, तीन वेगळ्या गर्दींची ती सरासरी होती. १.८ हा आकडा निदान एका गर्दीचा आहे.

पार्टनर्स लगेच बंद करू नका. आधी त्या ८० क्लिकमधून चौकशीचे फोन किंवा फॉर्म किती आले ते बघा. एकही नसेल तर बंद करा. आले असतील आणि दर चौकशीमागचा खर्च परवडत असेल तर सीटीआर ०.३३ असला तरी चालू दे. खर्च क्लिकवर होतो, इम्प्रेशनवर नाही. लॅबच्या नावाचं मात्र वेगळं कॅम्पेन करा. नाहीतर उद्या त्याच्यावर बजेट जास्त सरकलं की एकूण सीटीआर आपोआप ५ टक्क्यांवर जाईल, सगळे खूश होतील, आणि एकही नवं गिऱ्हाईक आलेलं नसेल. वरिष्ठांना हे तीन आकडे तीन ओळींत दाखवा. एकच आकडा मागितला तरी तीनच दाखवा.

आता खरं काम. सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं त्याची यादी) उघडा आणि इम्प्रेशनच्या उतरत्या क्रमानं लावा. सप्टेंबर २०२०पासून फार कमी वेळा शोधलेले शब्द त्यात दाखवत नाहीत, तरी जेवढं दिसतं तेवढं पुरेसं आहे. नजर फिरवू नका, एकेक ओळ वाचा. प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे आणि तो त्या क्षणी काय अडचणीत आहे हे त्या चार-पाच शब्दांत लिहिलेलं असतं. मला या कामात सगळ्यात जास्त जीव वाटतो तो इथेच. तुमच्या धंद्यात मला अंदाजे पुढची माणसं दिसतायत.

‘डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअर फ्री डाउनलोड’. हा माणूस घरी बसून स्वतः करणार आहे. त्याला लॅब नको आहे. तुमच्या १५,२००मध्ये याचा वाटा मोठा असणार.

‘हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय’. याची डिस्क आतून, यांत्रिकरीत्या बिघडली आहे. बहुधा हेड (डेटा वाचणारा भाग) गेलंय. तो जितक्या वेळा ती चालू करून बघेल तितका डेटा वाचण्याची शक्यता कमी होईल. याला लॅबच हवी, आणि आत्ता हवी.

‘चुकून फॉरमॅट झाली फाइल परत कशी आणायची’. हा मधला. काही जण सॉफ्टवेअरनं सुटतात. डिस्क एसएसडी असेल तर ट्रिममुळे (पुसलेली जागा एसएसडी स्वतःच रिकामी करते) पुसलेला डेटा लॅबलाही मिळत नाही बऱ्याचदा. याच्याशी बोलताना वचन जपून द्यायचं.

‘रेड ५ सर्व्हर दोन डिस्क फेल’. ही कंपनी आहे, काम ठप्प आहे. रेड ५ (अनेक डिस्क जोडून केलेली साठवण) एक डिस्क गेली तर तग धरतं, दोन गेल्या की सगळं बसतं. शोध थोडे येतील, पण एकेक चौकशी मोलाची.

या चौघांना आज तुम्ही एकच उत्तर देताय, ‘विश्वासार्ह डेटा रिकव्हरी सेवा’. ते चूक नाही, पण चौघांपैकी कुणाच्याच प्रश्नाचं ते उत्तर नाही.

पहिल्याला निगेटिव्ह कीवर्डनं (ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांनी) बाहेर काढा: ‘फ्री’, ‘मोफत’, ‘डाउनलोड’, ‘क्रॅक’, ‘कोर्स’, ‘नोकरी’. इथे एक गोष्ट बारकाईनं लक्षात ठेवा. साधे कीवर्ड जवळपासच्या अर्थाचे शोध आपणहून पकडतात, निगेटिव्ह पकडत नाहीत. ‘फ्री’ घातलं म्हणून ‘मोफत’ अडणार नाही, एकवचन घातलं म्हणून अनेकवचन अडणार नाही. देवनागरीत घातलं म्हणून रोमनमध्ये टाइप केलेलं अडेल असंही धरू नका. दोन्ही लिप्यांमध्ये वेगवेगळं घाला. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द एकटा निगेटिव्हमध्ये टाकायचा मोह होईल, पण ‘सॉफ्टवेअरनं फाइल मिळाली नाही’ असं शोधणारा तुमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक आहे. तिथे दोन-तीन शब्दांचा निगेटिव्ह फ्रेज मॅच (शब्द त्याच क्रमानं आले तरच अडवणारा) वापरा.

उरलेल्या तिघांचे तीन अ‍ॅड ग्रुप करा. आणि मगच मजकूर. टकटकवाल्यासाठी मी असं लिहीन:

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज?
डिस्क बंद करा, आधी तपासणी
डेटा मिळाला नाही तर बिल नाही

पहिली ओळ त्याचाच प्रश्न त्याला परत दाखवते, म्हणजे आपण बरोबर ठिकाणी आलो हे त्याला कळतं. दुसरी ओळ त्याला क्लिक करायच्या आधीच उपयोगी पडते. त्यानं तुमच्यावर क्लिक केलं नाही तरी त्याचा डेटा वाचायला मदत होईल, आणि माझ्या मते जाहिरात अशीच असावी. तिसरी ओळ लॅबची खरंच तशी पद्धत असेल तरच लिहा, आणि लँडिंग पेजवर (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर) ती पहिल्या पडद्यावर दिसली पाहिजे, खाली बारीक अक्षरात नाही. हेडलाइनला ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि काना, मात्रा, वेलांटी मोजून मराठी ओळ पटकन भरते, म्हणून ‘अनुभवी तज्ज्ञांची टीम’ यासारख्या, कुठल्याही लॅबला चालतील अशा ओळींवर जागा घालवू नका.

पिनबद्दल पंधरा_हेडलाइन यांचं म्हणणं एका बाजूनं बरोबर आहे. सगळं पिन केलं तर रिस्पॉन्सिव्हला अर्थ राहत नाही. पण पहिल्या जागी प्रश्न यायलाच हवा असं मला वाटतं, नाहीतर ‘डेटा मिळाला नाही तर बिल नाही’ ही ओळ आधी येऊन बसते आणि कुणाशी बोलताय तेच कळत नाही. मधला मार्ग असा की प्रश्नाच्या तीन-चार वेगळ्या ओळी लिहा आणि त्या सगळ्या पहिल्या जागेवर पिन करा. मग सिस्टिम त्यांच्यातून निवडत राहते. बाकीच्या मोकळ्या सोडा.

कीवर्ड इन्सर्शन या खात्यात नको. त्यात माणसानं टाइप केलेलं येतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, तुमच्या खात्यातला जो कीवर्ड जुळला तो येतो. तुमचे कीवर्ड ‘डेटा रिकव्हरी लॅब हार्ड डिस्क’ असे तुटक असतील तर हेडलाइनही तशीच तुटक दिसेल. घाबरलेल्या माणसाला ती यंत्रानं बोलल्यासारखी वाटते.

साइटलिंकचं मात्र लगेच करा. ‘आमच्याविषयी’ कुणालाच नको असतं. ‘डिस्क पाठवायची पद्धत’, ‘खर्च कसा ठरतो’, ‘गोपनीयतेची हमी’, ‘रेड आणि सर्व्हर’ अशी चार वेगवेगळी पानं जोडा. कंपनीवाल्याला गोपनीयता सगळ्यात आधी विचारायची असते.

नमुना_मोठा_हवा

वर सगळं नीट आलंय, फक्त मोजण्याबद्दल लिहितो, कारण पुढची घाई तिथेच होते.

समजा दोन जाहिराती लावल्या. दोन्हींना २०० इम्प्रेशन मिळाले, एकीवर ८ क्लिक, दुसरीवर १२. म्हणजे ४ टक्के विरुद्ध ६ टक्के. दिसायला दीडपट फरक, पण एवढ्या नमुन्यात तो निव्वळ योगायोगानं सहज येतो. प्रमाणांच्या फरकाची साधी चाचणी लावली तर झेड (फरक योगायोगापलीकडे किती ते सांगणारा आकडा) ०.९च्या आसपास निघतो, आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ लागतो. तेच प्रमाण २,००० इम्प्रेशनवर असेल, ८० विरुद्ध १२० क्लिक, तर झेड २.९ येतो आणि मग बोलायला जागा आहे. तुमच्या रेडच्या ग्रुपात एवढे इम्प्रेशन यायला फार वेळ लागेल, म्हणून तिथे चाचणी करूच नका, तिथे विचार करून एक चांगली जाहिरात लिहा.

तुलना करताना टॉप इम्प्रेशनची टक्केवारी दोन्हींची जवळपास सारखी आहे ना ते बघा. मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करून बघा. आणि एका जाहिरातीच्या आतल्या हेडलाइनना एकमेकींशी तोलू नका. एकच ओळ कधी पहिली, कधी तिसरी, कधी दुसऱ्याच ओळीशेजारी दिसते, त्यामुळे श्रेय कुणाचं ते वेगळं काढता येत नाही. तुलना करायची तर पूर्ण जाहिरातीची, आणि शक्य असेल तर एक्स्पेरिमेंट लावून, म्हणजे ट्रॅफिक नीट विभागलं जातं.

नवी_जबाबदारी

सर्च टर्म्स वाचून काढले. ‘फ्री’, ‘डाउनलोड’, ‘सॉफ्टवेअर’ या गटातलेच दिसणारे जवळजवळ ६,००० इम्प्रेशन निघाले आणि त्यांवर फक्त ४० क्लिक. ते काढले तर ९,२००वर २४०, म्हणजे २.६ टक्के, आणि अजून मजकुराला हातही लावलेला नाही.

पण एक शंका. समजा ‘मोफत तपासणी’ असं मोठं लिहिलं तर सीटीआर अजून वाढेल ना? वरिष्ठांना ते हवंय. तपासणी खरोखर मोफत असते, पण डेटा काढायचा खर्च ऐकून बरेच जण माघार घेतात.

शोधपेटी

वाढेल. पण कशाचा वाढेल ते आधी ठरवा.

लोक सीटीआरला एवढं महत्त्व का देतात त्याचं मूळ समजून घ्या. गोटू डॉट कॉम या सर्च इंजिननं १९९८मध्ये क्लिकमागे पैसे घेणं सुरू केलं तेव्हा जो जास्त बोली लावेल तो वर, एवढाच हिशेब होता. गूगलनं २००२मध्ये क्लिकवर पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा बोलीला सीटीआरची जोड दिली. कारण सरळ आहे. एकाची बोली ४ आणि सीटीआर २ टक्के, दुसऱ्याची बोली २.५ आणि सीटीआर ५ टक्के. हजार इम्प्रेशनमागे पहिल्याकडून ८० मिळतात, दुसऱ्याकडून १२५. म्हणून कमी बोलीचा वर जातो. आता हिशेब पुष्कळ गुंतागुंतीचा झालाय, पण गाभा हाच. चांगल्या सीटीआरचा तुम्हाला मिळणारा खरा फायदा हाच आहे की तेवढ्याच जागेसाठी क्लिक स्वस्त पडू शकतो. सीटीआर स्वतः काही बँकेत जमा होत नाही.

‘मोफत’ शब्दानं जे जास्तीचे लोक येतील ते बहुतेक तेच, ज्यांना आपण आत्ता निगेटिव्हनं बाहेर काढलं. त्यांना मागच्या दारानं परत आत घेऊ नका. तपासणीचा उल्लेख करायचाच तर डिस्क्रिप्शनमध्ये करा, तिथे ९० अक्षरं आहेत, म्हणजे पुढचं वाक्यही मावतं: तपासणीनंतर लेखी अंदाज मिळेल, तो मान्य केल्यावरच काम सुरू होईल. ज्याला खर्चाची तयारी नाही तो इथेच थांबेल. सीटीआर थोडा कमी येईल आणि चौकशा जास्त पक्क्या येतील. माझ्या खात्यांत मी हा सौदा डोळे झाकून घेते. वरिष्ठांच्या तक्त्यात सीटीआरच्या शेजारी ‘दर चौकशीमागे खर्च’ हा कॉलम घाला आणि दोन्ही एकत्र दाखवा, म्हणजे वाद घालायची वेळ येणार नाही.

क्वालिटी स्कोअरचे तीन घटकही कीवर्डच्या तक्त्यात कॉलम म्हणून लावा: एक्स्पेक्टेड सीटीआर, अ‍ॅड रेलेव्हन्स, लँडिंग पेज एक्स्पीरियन्स. १ ते १०चा स्कोअर फार बघू नका, तो लिलावात वापरत नाहीत, ते निदानाचं साधन आहे. पण टकटकच्या ग्रुपात ‘अ‍ॅड रेलेव्हन्स’ सरासरीपेक्षा खाली असेल तर ग्रुप अजून नीट वेगळा झालेला नाही असं समजा. ज्या कीवर्डना पुरेसे शोध नाहीत तिथे नुसती रेघ दिसेल, ते ठीक आहे.

पंधरा_हेडलाइन

प्रश्नाच्या तीन-चार ओळी एकाच जागेवर पिन करायची युक्ती मी वापरून बघणार आहे. पण नवी_जबाबदारी, एक विनंती. निगेटिव्ह, नवे ग्रुप, नवा मजकूर, साइटलिंक हे सगळं एकाच दिवशी बदलू नका. कशानं काय झालं ते कळणार नाही.

नवी_जबाबदारी

हो, आधी निगेटिव्ह आणि लॅबच्या नावाचं वेगळं कॅम्पेन, मग ग्रुप. पार्टनर्सच्या ८० क्लिकमधून एकही चौकशी आलेली नाही, म्हणून ते आज बंद केलं. निगेटिव्हच्या यादीत मी ‘सर्व्हर’ आणि ‘विंडोज सर्व्हर’ पण टाकलंय, कारण ‘सर्व्हर डाउन आहे का’ असे विचित्र शोध बरेच दिसत होते.

शोधपेटी

‘सर्व्हर’ ताबडतोब काढा. एकटा शब्द ब्रॉड निगेटिव्ह म्हणून टाकला की त्या शब्दाचा प्रत्येक शोध अडतो. ‘रेड ५ सर्व्हर दोन डिस्क फेल’ही अडला, आणि तो तर तुम्हाला सगळ्यात जास्त हवा आहे. त्याऐवजी ‘सर्व्हर डाउन’ हे फ्रेज मॅचमध्ये टाका. ‘विंडोज सर्व्हर’ही तसंच ठेवू नका, आधी त्याखालचे शोध वाचा. त्यात डिस्क गेलेल्या कंपन्याही असू शकतात. आणि ही यादी खात्याच्या पातळीवर जोडलीय, कॅम्पेनच्या की ग्रुपच्या, तेही बघून इथे लिहा. खात्याच्या पातळीवर असेल तर रेडचा नवा ग्रुप बनवलात तरी ‘सर्व्हर’ शब्दाच्या शोधांवर तो दिसणारच नाही, आणि तुम्ही तिथे मजकुरात दोष शोधत बसाल.